पाहणाऱ्याची सही

नानांसमोर 'खूप' म्हणायची सोय नव्हती. आज खूप ऊन आहे म्हटलं की ते मान वर करायचे आणि विचारायचे, "खूप म्हणजे किती?" लग्नाला खूप माणसं होती म्हटलं, तरी किती. भाजीत मीठ खूप झालं, तरी किती. एकदा मी म्हणाले, नाना, आज डोकं खूप दुखतंय. तेव्हा मात्र ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला, ते मला दिसलं. मला हसू आलं.

गावात त्यांची थट्टा चालायची. ते येताना दिसले की पारावरची माणसं मुद्दाम मोठ्याने विचारायची, "नाना, आज कितलं शे?" नाना थांबायचे, खिशातून चिठ्ठी काढायचे आणि दुपारचा पारा दशांशासकट सांगायचे. मागे हसणं सुरू व्हायचं. ते आपल्यावर हसतात हे नानांना कळत होतं. पण विचारलं तर सांगायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

ते आमच्या गावचे कोतवाल होते. तलाठ्याच्या हाताखालचं काम. आमचं गाव पाचोऱ्याच्या बाजूचं. आजूबाजूच्या वीस-बावीस गावांचं मिळून एक मंडळ, आणि त्या मंडळाचा पाऊस आमच्या पंचायतीच्या आवारात मोजला जायचा. रोज सकाळी साडेआठला नाना काचेचं माप फडक्यात गुंडाळून आणायचे, बाळाला आणावं तसं. उन्हाळ्यातही आणायचे. कोरडं पडलेलं भांडं उघडून बघायचे आणि वहीत शून्य लिहायचे. आमचं घर आवाराला लागून, त्यामुळे हे सगळं मला ओट्यावरून दिसायचं. एकदा धीर करून विचारलं, पाऊस नाही हे दिसतंच आहे, मग उघडून कशाला बघता? ते म्हणाले, "दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं, सूनबाई. मी पाहिलेलं शून्य लिहितो." गावातल्या सगळ्याच सुनांना ते सूनबाई म्हणायचे.

एका वर्षी पाऊस कमी झाला. दुष्काळ जाहीर व्हावा म्हणून गावातली चार मोठी माणसं नानांकडे आली. थोडा आकडा खाली लिहा, सगळ्या तालुक्याचं भलं होईल, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, "मी कमी लिहिलं म्हणून पडलेलं पाणी परत वर जाणार नाही." माणसं चहा न घेता उठून गेली. चहा मीच केला होता, चार कप. नानांनी त्यातले दोन प्यायले आणि दोन मला परत दिले.

त्यांची बायको वारली त्या दिवशीची ओळ मी पुढे कधीतरी त्यांच्या वहीत वाचली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सकाळी सहा दहाला पत्नी वारली. पाऊस नाही.' त्यापुढे सही. अक्षर नेहमीसारखंच होतं. फक्त 'नाही'नंतरचं टिंब दोनदा दिलेलं होतं.

मी चौथी शिकले. नंतर पेन हातात आलं ते कुठे सही लागली तेवढंच. मला माणसांत बोलता येत नाही. दुकानात गेले तर वस्तूकडे बोट दाखवते. माझा नवरा केळी कापणाऱ्या टोळीबरोबर गावोगाव जातो, महिन्यातले बरेच दिवस मी एकटीच. नानांनी मला कामाला लावलं ते यामुळेच असावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावहून ऊन मोजायचं एक पाऱ्याचं मोजमाप आणलं होतं. फळांच्या खोक्याच्या फळ्या चुन्याने रंगवून त्याला झरोक्यांची पेटी केली आणि गल्लीच्या पलीकडे स्वतःच्या अंगणात खांबावर बसवली. एकदा ते तापाने पडले. मला हाक मारून म्हणाले, अडीच वाजता जा, वाचून ये. पारा डोळ्यांच्या समोर आणून वाचायचा, वरून नाही, खालून नाही. मी वाचून आले. त्यांनी तेवढ्या तापातही उठून जाऊन माझा आकडा तपासला. बरोबर निघाला.

"तुझे डोळे चांगले आहेत आणि तोंड बंद आहे," ते म्हणाले. "असाच माणूस लागतो या कामाला."

तेव्हापासून ते गावाला गेले की आकडा मी लिहायचे. वहीत रकाने होते, तारीख, वेळ, आकडा, शेरा आणि शेवटी पाहणाऱ्याची सही. मी सगळं लिहायचे, सही करत नव्हते. ते म्हणायचे, पाहिलंस तू, मग सही कोण करणार? मी मान खाली घालायचे. त्यांनी माझ्या जागी स्वतःची सही कधी केली नाही. त्यांच्या वहीत माझ्या ओळी लगेच ओळखू येतात. त्यांच्या पुढची जागा मोकळी आहे.

मग यंत्र आलं. एका दुपारी टेम्पोतून दोन माणसं आली. पंचायतीच्या आवारात त्यांनी लोखंडी खांब रोवला. वर उन्हावर चालणारी काळी पट्टी, खाली पांढऱ्या ताटल्या एकावर एक रचल्यासारखं काहीतरी, आणि चारी बाजूंनी पुरुषभर उंच तारेची जाळी. दिवस मावळायच्या आत ती माणसं निघूनही गेली. गल्लीतल्या बायकांनी नारळ आणि हळदकुंकू आणलं. नानांनी नारळ फोडू दिला, कुंकू लावू दिलं नाही. पांढऱ्याला पांढरं राहू द्या म्हणाले. आता ऊन, वारा, पाऊस सगळं तेच मोजणार होतं आणि मोजलेलं आपोआप वर पाठवणार होतं.

मला वाटलं, नाना त्याचा राग करतील. त्यांचं आयुष्यभराचं काम त्याने घेतलं होतं. पण ते त्याला पाहुणा म्हणायचे. पाहुण्याची झोप झाली का, पाहुण्याला कोळ्याने घर केलंय, असं चालायचं. त्यांच्या दारातल्या निंबाची सावली दिवस उतरताना जाळीपर्यंत यायची, तर त्यांनी तो निंब स्वतः चढून छाटला. जाळीची किल्ली पंचायतीने त्यांच्याकडे दिली होती. ते मला सांगायचे, याच्याजवळ सावली नको, भिंत नको, झाड नको. याला मोकळं राहू द्यायचं, म्हणजे हा खरं बोलतो.

गोधडी नको, असं ते म्हणाले नव्हते. ही पळवाट मी बरीच वर्षं वापरली.

आमच्याकडे केळीच्या बागा. त्यांचा विमा असतो, आणि त्या वर्षीचा नियम असा होता की मे महिन्यात सलग पाच दिवस पारा पंचेचाळीसच्या वर राहिला तर मंडळातल्या विमा काढलेल्या सगळ्या बागांना भरपाई. चार दिवस राहिला आणि एक दिवस खाली आला तर काही नाही. बाग बघायला कुणी यायचं नाही. पारा धरायचा तो फक्त त्या यंत्राचा. एक यंत्र आणि वीस-बावीस गावं.

नानांना हा नियम अर्धा पटला होता. ते म्हणायचे, "पूर्वी माणूस बाग बघायला यायचा, त्यात लबाडी होती. यंत्रात लबाडी नाही. पण त्याला मान वळवून मागे बघता येत नाही." म्हणून त्यांनी वरती अर्ज केले. प्रत्येक यंत्राजवळ एक साधं मोजमाप आणि एक वही ठेवावी, गावातल्या एका माणसाने रोज लिहावं, आणि दोन आकड्यांत फरक पडला तर चौकशी व्हावी, असा नियम करा. तीन अर्ज केले. उत्तर एकाचंच आलं, अशी तरतूद नाही. ते उत्तर त्यांनी वहीत चिकटवलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'वाचलं.'

शेजारच्या अक्कांचं सांगायला हवं. साठीच्या पुढच्या, नवरा नाही, मुली सासरी. दोन एकर केळी त्या स्वतः बघायच्या. मी त्यांच्या बागेत कामाला जायचे. मला बोलता येत नाही म्हणून बाजारात माझा भाजीचा भावसुद्धा त्याच करायच्या, आणि वर भाजीवाल्याला सांगायच्या, ही बोलत नाही म्हणून लुबाडू नको, मी दोघींचं बोलते. त्यांनी मला त्यांची जुनी लाल साडी दिली होती. तिच्या पट्ट्या मी माझ्या मोठ्या गोधडीला चारी कडांनी लावल्या. आमच्या गल्लीत कुणाची गोधडी कोणती हे विचारावं लागत नाही. ठिगळांवरून घर कळतं.

त्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्यात आली होती. माझी नणंद माहेरपणाला येणार होती. आणि ऊन असं होतं की केळीची पानं कडेने भाजून कागदासारखी वाजत होती. अक्कांच्या बागेत घड मानेतून मोडून पडायला लागले होते. भरपाई आली तर बाग पुन्हा लावीन, नाही तर मोडीन, असं त्या म्हणत होत्या. सगळं गाव दिवस मोजत होतं. पहिला दिवस वर गेला. दुसरा गेला. नाना त्याच सुमारास धुळ्याला लेकीकडे गेले, डोळ्याचा मोतीबिंदू काढायला. दिवस आधीच ठरलेला होता. जाताना किल्ली मला दिली. म्हणाले, अडीच वाजता वाचायचं, आणि पाहुण्याकडे लक्ष ठेव. तिसरा दिवसही वर गेला.

चौथ्या दिवशी नऊ दिवसांनी नळाला पाणी आलं. साडेअकराला. आखाजीच्या आधी गोधड्या धुवायच्या तर तोच दिवस होता. मी सहा गोधड्या धुतल्या. दोरीवर आधीच कपडे होते, अंगणात जागा नव्हती, आणि भिजलेली गोधडी किती जड असते ते उचलणाऱ्यालाच माहीत. समोर जाळी होती, उंच, रिकामी, उन्हात तापलेली. मी चार गोधड्या जाळीच्या पश्चिमेच्या अंगाला टाकल्या आणि दोन दक्षिणेला. त्यांचं पाणी आतल्या मातीवर ठिबकत होतं.

एवढंच असतं तर आळस म्हणता आला असता. पण त्या टाकताना माझ्या मनात काय आलं तेही मला आठवतं. मला वाटलं, हा बिचारा दिवसभर एकटा उन्हात उभा असतो. दुपारभर त्यालाही जरा गारवा. मी जाळीवरून हात फिरवला आणि घरात आले.

अडीच वाजता मी नानांच्या अंगणात जाऊन पारा वाचला. पंचेचाळीस पॉइंट आठ. वहीत लिहिला. चार वाजता गोधड्या काढल्या, कडकडीत वाळल्या होत्या.

संध्याकाळी मोबाइलवर यंत्राचा आकडा आला. चव्वेचाळीस पॉइंट सहा. पाचव्या दिवशी पुन्हा पंचेचाळीसच्या वर. साखळी मधेच तुटली होती. गावात आधी कुणाला खरं वाटेना. त्या चौथ्या दिवशी माणसं झाडाखाली धापा टाकत बसली होती. मग कुणीतरी म्हणालं की त्याच दिवशी नाना गावात नव्हते. किल्ली त्यांच्याकडे आणि नेमके तेच गावाबाहेर, संशयाला तेवढं पुरलं.

नाना परत आले ते डोळ्यावर काळा चष्मा लावून. घरी न जाता आधी जाळीकडे गेले. फार वेळ तिथे होते. दिसत नीट नव्हतं, म्हणून तारेवरून बोटं फिरवत चालले होते. मग माझ्या ओट्यापाशी आले. त्यांच्या चिमटीत लाल कापडाची एक चिंधी होती.

"पश्चिमेच्या तारेला होती," ते म्हणाले.

मी पदर तोंडाशी धरला.

"कूलर म्हणजे काय असतं? ओली ताटी आणि तिच्यातून येणारा वारा." ते रागाने बोलत नव्हते, मला पारा वाचायला शिकवला त्याच आवाजात बोलत होते. "मी पाहिलेलं नाही. म्हणून मी सांगू शकत नाही. तू सांगितलंस तर बरं."

चिंधी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि गेले.

पंचायतीत सभा झाली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका दाराशी खाली. कृषी खात्याचा एक तरुण माणूस आला होता, चांगला होता बिचारा, घाम पुसत सगळ्यांना पुन्हा पुन्हा समजावत होता. यंत्राचा आकडा मला बदलता येत नाही, तो म्हणाला. पण एक वाट आहे. यंत्राला त्या दिवशी अडथळा झाला होता असं स्वतः पाहिलेल्या माणसाने लिहून दिलं, तर शेजारच्या मंडळाच्या यंत्राचा आकडा धरावा म्हणून मागणी करता येते. शेजारी त्या दिवशी पारा वर होता. सात दिवसांची मुदत. पण पाहिलेला माणूस हवा, अंदाज चालणार नाही.

नानांनी आपली वही पुढे केली. चौथ्या दिवसाची ओळ त्या माणसाने मोठ्याने वाचली आणि थांबला. अक्षर वेगळं होतं आणि सही नव्हती.

मागून कुणीतरी म्हणालं, "नाना तं धुळाले व्हतात. मंग हाई कोनी लिखं?" दुसरा म्हणाला, "विमा कंपनीनी काय दिन्हं तुमले, नाना? नवा डोळा?" सभा हसली. पारावर हसायची तशी नाही.

नाना उभे राहिले. "त्या दिवशी मी इथे नव्हतो. आकडा खरा आहे. लिहिणाऱ्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग नाव सांगा ना."

"ज्याने पाहिलं त्याने सांगायचं. दुसऱ्याने पाहिलेलं मी कधी सांगितलं नाही."

ते माझ्याकडे वळले नाहीत. काळ्या चष्म्यातून ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. दाराशी आम्ही पंधरा-वीस बायका होतो. माझ्या गोधड्या जाळीवर होत्या तेव्हा त्यांतल्या निम्म्या तरी नळावर पाणी भरत होत्या. एकीनेही मान वळवली नाही. माझे गुडघे उठायला निघाले होते, हे मी खोटं लिहीत नाही. पण उठले नाही. शंभर पुरुषांसमोर उभं राहून गोधडी हा शब्द उच्चारायचा होता. मला वाटलं, सात दिवस आहेत. उद्या सांगू. पंचायतीत नाही, त्या कृषीच्या माणसाला एकट्याला सांगू.

त्या सात दिवसांत अक्का रोज माझ्याकडे आल्या. कधी विरजण मागायला, कधी सुई मागायला, कधी नुसत्याच. ओट्यावर बसायच्या, पाणी प्यायच्या. एरवी दोघींचं बोलणाऱ्या अक्का त्या आठवड्यात फारसं बोलत नव्हत्या. मला वाटायचं, बागेच्या दुःखाने गप्प आहेत. नणंद घरात होती, तिच्यासमोर कसं बोलायचं, असं मी मनाशी म्हणायचे. नणंद चौथ्या दिवशी गेली. तरी मी बोलले नाही. आठव्या दिवशी अक्का आल्या नाहीत.

मुदत गेली. अक्कांनी बाग मोडली.

पंचायतीने नानांकडून किल्ली काढून घेतली. त्यांच्या अंगणातली पांढरी पेटी एका दुपारी कुणीतरी दगडाने फोडली, पारा मातीत सांडला. नाना खाली बसून त्याचे थेंब पोस्टकार्डाने गोळा करत होते, आणि मी माझ्या दारातून बघत होते. पण मला सगळ्यांत वाईट वाटलं ते दुसरंच. ते पारावरून जायचे तेव्हा आता कुणी विचारत नसे, नाना, आज कितलं शे. ते थोडे थांबल्यासारखे करायचे. मग चालू लागायचे.

दिवाळीच्या आत ते धुळ्याला लेकीकडे कायमचे राहायला गेले. जाताना मला एक कोरी वही देऊन गेले. प्रत्येक पानावर पट्टीने रकाने आखलेले, शेवटचा पाहणाऱ्याच्या सहीचा. हे मी त्याच वहीत लिहिते आहे. वाक्यं रकाने ओलांडून जातात, पण त्या शेवटच्या रेघेशी आलं की माझा हात आपोआप खालच्या ओळीवर येतो.

पुढच्या उन्हाळ्याआधी जाळीवर एक पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. 'या जाळीवर कपडे, गोधड्या इत्यादी वाळत घालू नयेत.' मी ती दोनदा वाचली. म्हणजे वर कुणाला तरी समजलं होतं. समजून त्यांनी आकडा नाही बदलला, पाटी लावली. गावातल्या सगळ्यांनी ती वाचली. शेळ्या राखणारी म्हातारीसुद्धा कुणाकडून तरी वाचून घेऊन हसली. कुणाच्या गोधड्या, हे कुणीही विचारलं नाही. मी रोज नळावर जाता-येता ती पाटी वाचते. वाचता येतं, ही माझी अडचण आहे.

गेल्या वर्षी मी धुळ्याला गेले. नवऱ्याला सांगितलं, नानांची तब्येत बघून येते. पाचोऱ्याहून एसटीत बसले तेव्हा काय बोलायचं ते मी मनात पाठ करत होते, शाळेत कविता पाठ करायचे तसं. नाना गच्चीत खाटेवर बसले होते. वाळलेले, पण कोपऱ्यात खांबावर पांढरी पेटी होती. त्यांनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, निघताना तिकडे किती होतं? मी म्हणाले, मोजमाप नाही नाना, सांगता येत नाही. हे उत्तर त्यांना आवडलं.

मग त्यांनी विचारलं, पाटी लावली म्हणे. मी पाटी म्हणून दाखवली. त्यांनी 'इत्यादी' पुन्हा म्हणायला लावलं.

"म्हणजे समजलं सगळ्यांना," ते म्हणाले. "पण पाहिलेलं कुणी नव्हतं."

तेव्हा माझी पाठ केलेली वाक्यं सगळी गेली. मी एवढंच म्हणाले, "नाना, गोधड्या माझ्या होत्या."

"किती?"

"सहा."

त्यांनी उशाखालची जुनी वही काढली. त्या वर्षाचं पान शोधायला त्यांना वेळ लागला नाही, तिथे त्या लाल चिंधीसारखी दुसरी एक चिंधी खूण म्हणून होती. दोन निघाल्या असाव्यात. एक त्यांनी ओट्यावर ठेवली होती, एक जवळ ठेवली होती.

"किती वाजता टाकल्या?"

"एकच्या आत-बाहेर."

"आत की बाहेर?"

"आत. पावणेएक."

"कोणत्या अंगाला?"

"चार पश्चिमेला. दोन दक्षिणेला."

ते हळूहळू शेऱ्याच्या रकान्यात लिहीत होते. अक्षर आता हलत होतं. लिहून झाल्यावर त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन दिलं. मी सही केली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली, पारा वाचतात तशी, वरून नाही, खालून नाही.

मी विचारलं, आता हे कुठे द्यायचं? ते म्हणाले, "मुदत गेली." मग वही उशाखाली सरकवून म्हणाले, "ओळ पूर्ण झाली, एवढंच."

मी परत आले तेव्हा मला वाटत होतं की आता मला गावात बोलता येईल. आठ दिवस गेले, पंधरा गेले. पारावर मी जाऊ शकत नव्हते, पंचायतीत जायचा धीर नव्हता. पण अक्कांना सांगायचंच, हे ठरवलं होतं. अक्का आता माझ्याबरोबरच दुसऱ्यांच्या शेतात निंदायला येतात. पूर्वी त्यांच्या बांधावर मी कामाला होते, आता आमच्या सऱ्या शेजारी शेजारी असतात. वयामुळे त्या मागे पडतात, तेव्हा मी त्यांच्या सरीतलं थोडं माझ्याकडे ओढून घेते. त्यांना ते कळतं. 

एका दुपारी कपाशीत आम्ही दोघीच मागे राहिलो होतो. मी खुरपं खाली ठेवलं आणि म्हणाले, अक्का, त्या वर्षी, त्या जाळीवर.

अक्कांनी निंदणं थांबवलं नाही. खाली बघतच म्हणाल्या, "मन्ही साडीना रंग माले दूरथून दिखस, माय. सात दिन मी तुन्हा ओटावर बसनू. तू बोलशी म्हणीसन."

कपाशीत वारा नव्हता. मला कळेना, हात कुठे ठेवावेत. मी म्हणाले, "अक्का, माझं खूप चुकलं."

नाना तिथे असते तर त्यांनी किती ते विचारलं असतं. अक्कांनी विचारलं नाही. त्या पुढच्या सरीवर वाकल्या.